नागपाड्याची ‘एनबीए’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना झाला. इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे दोन संघ मुंबईत आले होते. भारताच्या भूमीवरचा हा एनबीएचा पहिलाच सामना. तो जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणानं जिंकला. त्या दिवशी प्रेक्षकांत प्रामुख्यानं शाळकरी मुलं होती. सत्तरहून अधिक शाळांतली सुमारे तीन हजार मुलंमुली. दुसऱ्या दिवशीचा सामनाही पेसर्सनीच जिंकला, १३०-१०६ असा. हरलेल्या किंग्जचे मालक होते विवेक रणदिवे. जन्म मुंबईतला, अमेरिकेत जाऊन संगणक क्षेत्रात नाव कमावलं आणि २०१३ साली हा संघ विकत घेतला. आपल्या वर्तमानपत्रांनी या योगाचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं.

पण वरळीच्या त्या डोमपासून तीन-चार किलोमीटरवर आणखी एक ‘एनबीए’ आहे, हे फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक असतं. तिचं नाव नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन. आद्याक्षरं तीच. ना दिव्यांचा झगमगाट, ना कोट्यवधींचे करार. पण या नागपाड्यानं भारताच्या बास्केटबॉल संघाला कर्णधार दिला आणि मुंबईतल्या स्पर्धांत अनेक वर्षं दबदबा राखला. आज मी तुम्हांला या गल्लीतल्या संघाची हकिकत सांगणार आहे.

गिरगाव, लालबाग, दादर इथल्या माणसाला नागपाडा माहीत असतो तो बसच्या खिडकीतून. भायखळा आणि मुंबई सेंट्रल यांच्यामधली ही वस्ती. एका बाजूला कामाठीपुरा, दुसऱ्या बाजूला मदनपुऱ्यातली विणकरांची आणि गिरणी कामगारांची दाटी. एके काळी इथे ज्यूंचीही मोठी वस्ती होती. सआदत हसन मंटो मुंबईत असताना याच भागात, क्लेअर रोडला राहत होते. त्यांच्या कथांतली मुंबई पुष्कळशी याच रस्त्यांवरची आहे. इथल्या माणसांकडे नव्हतं ते एकच, मोकळी जागा.

अशा या वस्तीत १९२६-२७ च्या सुमारास एक इमारत उभी राहिली, नागपाडा नेबरहुड हाऊस. ती उभारली अमेरिकन मराठी मिशननं. हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. १८१३ पासून मुंबईत काम करणारं हेच ते मिशन. १८४२ साली सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ त्यांचंच, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव ज्याच्याशी जोडलं गेलं तेही हेच. या मिशनचे एक तरुण कार्यकर्ते क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईत आले. ते शिकागो विद्यापीठात शिकलेले. शिकागोत जेन ॲडम्स या बाईंनी १८८९ मध्ये ‘हल हाऊस’ नावाची संस्था काढली होती. गरीब वस्तीत जाऊन राहायचं, शेजारी म्हणून राहायचं आणि शेजाऱ्यांना लागेल ते काम उभं करायचं, अशी तिची कल्पना. मॅन्शार्ट यांनी ती नागपाड्यात आणली. दवाखाना, वाचनालय, रात्रीचे वर्ग, व्याख्यानं आणि खेळ. जात आणि धर्म न विचारता सगळ्यांना दार उघडं. धर्मप्रसारासाठी आलेल्या मिशनची ही संस्था, पण तिथे धर्म बदलण्याची अट नव्हती. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

या इमारतीचं आणखी एक ऋण आपल्यावर आहे. १९३६ साली टाटा विश्वस्त निधीच्या मदतीनं ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही संस्था सुरू झाली, ती नागपाडा नेबरहुड हाऊसमध्येच. पहिले संचालक मॅन्शार्ट. हीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावानं ओळखली जाऊ लागली आणि १९५४ साली देवनारला गेली. समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था जिथे जन्मली, त्याच अंगणात मुलं चेंडू घेऊन टोपलीकडे धावत होती.

आता हा खेळ तिथेच का रुजला, हे पाहू. बास्केटबॉल हा काही शतकानुशतकांचा लोकखेळ नव्हे. तो एका माणसानं, एका गरजेपोटी तयार केलेला खेळ आहे. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली मुलं. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं व्यायामशाळेच्या सज्जाला पीच या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला आणि तेरा नियम लिहून काढले. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते आणि गोल झाला फक्त एक. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून टोपली दहा फुटांवर. आजही ती तितक्याच उंचीवर आहे.

वायएमसीएनं हा खेळ जगभर नेला. भारतात १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. १९३४ मध्ये दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. नागपाड्यात तर या खेळाला दोन आधार मिळाले. एक नेबरहुड हाऊसचा आणि दुसरा मस्तान तलावाजवळच्या वायएमसीएचा. तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढं उरलं. मुंबईत असं पुष्कळ ठिकाणी आहे. पाणी गेलं तिथे मैदान आलं आणि मैदान जपलं गेलं तिथे खेळ आला.

बर्फात अडकलेल्या मुलांसाठी काढलेला खेळ दाट वस्तीत अडकलेल्या मुलांना बरोबर लागू पडला. कारण साधं आहे. क्रिकेटला माळ लागतो. फुटबॉललाही मोठं मैदान लागतं. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. चारही बाजूंनी दोन मीटर जागा सोडली तरी सुमारे सहाशे चौरस मीटर, म्हणजे साधारण सहा गुंठे. तेवढ्यात दहा मुलं एका वेळी खेळतात, दहा बाहेर वाट पाहतात आणि साहित्य म्हणाल तर एक चेंडू. याच हिशेबानं लालबाग-परळमध्ये कबड्डी वाढली. तिला तेरा बाय दहा मीटर पुरतात आणि चेंडूही लागत नाही. गिरणगावातल्या मंडळांनी चाळींमधल्या मोकळ्या पट्ट्यावर माती टाकून कबड्डीपटू घडवले. नागपाड्यानं सिमेंटच्या पट्ट्यावर बास्केटबॉलपटू घडवले. खेळ वेगळे, पण गणित एकच.

मात्र जागा असली म्हणजे संघ होतो असं नाही. जागेवर रोज येऊन उभा राहणारा माणूस लागतो. नागपाड्यात बास्केटबॉल म्हटलं की जुनी माणसं एक नाव घेतात, बच्चू खान. वस्तीतल्या गरीब घरातल्या पोरांना गोळा करून त्यांनी अनेक वर्षं खेळ शिकवला. नागपाड्यातलं महापालिकेचं मैदान आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. मुंबईत मैदानांना पुढाऱ्यांची नावं देण्याची रीत आहे. एका प्रशिक्षकाचं नाव मैदानाला लागतं, तेव्हा त्या वस्तीनं आपला पुढारी कोणाला मानलं होतं ते कळतं.

प्रशिक्षक काय करतो? बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तो चेंडू टाकायला शिकवतो. ते तर असतंच. पण बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चालता येत नाही. तो आपटत न्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्याला द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चोवीस सेकंदांत टोपलीकडे मारावा लागतो. म्हणजे मुलाला पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी शिकाव्या लागतात. चेंडू आपला नाही, आणि वेळ आपल्याजवळ फार नाही. एकट्याच्या हुशारीवर फार काळ निभत नाही. खेळाडू उंच नसतील तर त्यांना पळावं लागतं, समोरच्याला पूर्ण मैदानभर घेरावं लागतं, पास लवकर द्यावा लागतो. हे सगळं एका उन्हाळी शिबिरात येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं संध्याकाळी त्याच जागी जावं लागतं. पावसाळ्यात उघड्या सिमेंटवर पाय घसरतो म्हणून खेळ थांबतो आणि पाऊस सरल्यावर पुन्हा पहिल्यापासून घाम गाळावा लागतो. मुलगा दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी कोण जाऊन विचारतं, यावर संघ टिकतो किंवा मोडतो.

या मुशीतून निघालेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे अब्बास मुंतसीर. जन्म १९४२ चा, वाढले नागपाड्यात. पुढे ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या काळातला भारतीय बास्केटबॉल आज आठवला तर आश्चर्य वाटतं. १९७५ साली बँकॉकला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघ चौथा आला. या स्पर्धेत त्याहून वरचा क्रमांक भारताला आजवर मिळालेला नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि भारताला संधी मिळाली. तिथे आपण एकही सामना जिंकलो नाही. त्यानंतर भारतीय बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.

आता कोणी विचारील, वस्तीतली ही पोरं खेळत होती ती कशासाठी? बक्षिसाच्या पेल्यासाठी? आपल्याकडे मैदानी खेळांचा खरा पगार चषकात नसे, नोकरीत असे. रेल्वे, बंदर, कस्टम्स, बँका, पोलीस, महिंद्रसारख्या कंपन्या यांचे आपापले संघ असत आणि चांगल्या खेळाडूला तिथे कायमची नोकरी मिळे. लालबागचा कबड्डीपटू, दादरचा खो-खोपटू आणि नागपाड्याचा बास्केटबॉलपटू या तिघांचं स्वप्न एकच होतं. घरात पहिला कायमचा पगार. राष्ट्रीय स्पर्धेतला एक चांगला आठवडा एका कुटुंबाचं पुढचं आयुष्य बदलू शकत असे. त्यामुळे मैदानावरच्या त्या चाळीस मिनिटांना हौसेपलीकडचा अर्थ होता.

या संघानं आणखीही एक काम केलं, ज्याची नोंद गुणफलकावर होत नाही. लीग म्हणजे काय? आज मी तुमच्या मैदानावर येतो, उद्या तुम्ही माझ्या मैदानावर या. नागपाड्याची मुलं सामने खेळायला माटुंग्याला जात, डॉन बॉस्को शाळेच्या सॅव्हियो चषकाला जात. माटुंग्याची, दादरची, वांद्र्याची मुलं खेळायला नागपाड्यात येत. एरवी ज्यांना एकमेकांच्या गल्लीत जायचं कारणच पडलं नसतं अशी ही मुलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये हे शहर कसं दुभंगलं ते आपण पाहिलं आहे, आणि नागपाडा-मदनपुरा हा तर त्या होरपळीतलाच भाग. खेळामुळे दंगली टळतात असा भाबडा दावा मी करणार नाही. पण ज्या मुलानं एखाद्या वस्तीत जाऊन सामना हरलेला असतो आणि मग तिथल्याच मुलांबरोबर चहा प्यायलेला असतो, त्याला त्या वस्तीबद्दल काहीही सांगून पटवणं जरा अवघड जातं. इतकं तरी खरं.

श्रोतेहो, गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या नावाचे नवे संघ आले. २०१५ साली यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. आठ संघांपैकी एक मुंबई चॅलेंजर्स. २०१७ पर्यंत चार हंगाम झाले आणि लीग बंद पडली. पुढे महासंघाच्या आयएनबीएलमध्ये मुंबई टायटन्स नावाचा संघ आला. या संघांत चांगले खेळाडू होते आणि त्यांना खेळण्याचे पैसे मिळाले, हे चांगलंच झालं. पण मुंबई चॅलेंजर्सचं मैदान कोणतं, असं विचारलं तर कोणत्या गल्लीकडे बोट दाखवायचं? संघाला शहराचं नाव होतं, शहरात पत्ता नव्हता. लीग गेली तशी संघही गेला आणि कोणत्याही नाक्यावर त्याची हळहळ झाली नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत एनबीएनं २००१ साली खालच्या पातळीची एक लीग काढली. आग्नेय अमेरिकेतल्या लहान शहरांचे आठ संघ होते. पहिलं विजेतेपद ग्रीनव्हिल ग्रूव्ह या संघानं पटकावलं आणि पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, तो संघ बंद झाला. विजेता संघ! पहिल्या आठांपैकी बहुतेक शहरांतून ते संघ लवकरच नाहीसे झाले. लीग मात्र टिकली. आज ती जी लीग म्हणून ओळखली जाते आणि एनबीएच्या प्रत्येक संघाचा एक धाकटा संघ तिच्यात आहे. पंजाबच्या बल्लोके गावचा सतनाम सिंग २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सनं निवडला, तेव्हा त्याला खेळायला मिळालं ते याच लीगमधल्या टेक्सस लेजंड्स संघात. एनबीएचा प्रत्यक्ष सामना त्याच्या वाट्याला आला नाही. लीग टिकते ती वरच्या पैशानं. गावातला संघ टिकतो तो गावाच्या पायावर. दोन्ही असले तर उत्तम, पण पाया नसताना नुसत्या पैशावर संघ उभा राहत नाही.

कबड्डीचं उदाहरण घ्या. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना त्याच वरळीच्या डोममध्ये झाला. यू मुंबा हा संघ लोकांनी लगेच आपला मानला आणि २०१५ साली तो विजेताही झाला. ही लीग का टिकली? दूरचित्रवाणीचा पैसा होताच. पण त्याआधी कित्येक वर्षं लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर इथल्या मंडळांनी खेळाडू, पंच आणि मुख्य म्हणजे खेळ कळणारा प्रेक्षक तयार करून ठेवला होता. दूरचित्रवाणीला आयतं पीक मिळालं. बास्केटबॉलची अशी नांगरलेली जमीन मुंबईत फार थोडी. नागपाडा हा त्यातला एक तुकडा.

आणि इथेच मला आजची मुख्य गोष्ट सांगायची आहे. मध्य मुंबईत असे आणखी तुकडे होऊ शकले असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत कलम ५८ होतं. त्याचा ढोबळ आशय असा, की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ साली हा नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या आवारात बांधकामच जास्त, रिकामी जागा ती किती? प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला. सहाशे एकरांचा एक तृतीयांश म्हणजे दोनशे एकर. एका एकरात चाळीस गुंठे आणि एका बास्केटबॉल मैदानाला सहा गुंठे. हिशेब तुम्हीच करा. सगळी जागा खेळाला मिळाली नसती हे उघड आहे. बागा, शाळा, दवाखानेही हवेत. पण परळ-लालबागच्या नव्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी प्रत्येकी एक मैदान मिळालं असतं, तर आज तिथे किती संघ असते?

मनोऱ्यांतही आज बास्केटबॉलची टोपली असते. पोडियमवर, पोहण्याच्या तलावाशेजारी. पण तिथे मुलांपेक्षा पहारेकरी जास्त, आणि शेजारच्या चाळीतल्या पोराला आत जाता येत नाही. अशा ठिकाणी व्यायाम होतो, संघ होत नाही. संघाला उघडं दार लागतं. नागपाड्याच्या त्या जुन्या इमारतीचं सगळं रहस्य तेवढंच होतं.

तेव्हा एनबीए मुंबईत पुन्हा आली तर जरूर जा, मुलांना घेऊन जा. ते खेळाडू पाहण्यासारखेच असतात. पण त्याच मुलांना एखाद्या संध्याकाळी नागपाड्यालाही न्या आणि उघड्या मैदानाशी उभे राहा. आणि आपल्या वॉर्डातल्या मैदानाच्या आरक्षणाचं काय झालं, त्याला कुलूप कोणी लावलं, चावी कोणाकडे आहे, हे महापालिकेच्या कार्यालयात जाऊन एकदा विचारा. सहा गुंठे जागा, दोन टोपल्या, संध्याकाळचे दिवे आणि रोज येणारा एक माणूस. मोठा संघ घडायला एवढं पुरतं, हे नागपाड्यानं दाखवलं आहे. यातली पहिली गोष्ट गेली की उरलेल्या तिन्हींचा काही उपयोग नाही.